छाट

सकाळी साडेनऊला टूल उघडते ब्राउझरमध्ये,
डावीकडे प्रोजेक्टांची नावं उभी राहतात.
माझं पहिलंच: परगावच्या कुठल्याशा दवाखान्याचं ॲप,
टेस्ट केसेस दोनशे चौदा,
सोपवलंय: उमाराणी चिट्याल.
माझं नाव इतकं बिनचूक दुसरं कुणी लिहीत नाही.
रेशनकार्डावर चिट्टल आहे, बारावीच्या सर्टिफिकेटवर चित्याळ.

विडी घरकुलातली खोली, दहा बाय बारा.
माझ्या टेबलाच्या पायाला पाठ लावून अम्मा बसते,
मांडीवर सूप. पान, तंबाखू, वळ, दोरा.
मध्येच मान वर न करता विचारते, पास अय्यिंदा?
मी सांगते, सदतीस पास, चार फेल, एक अडकलंय.
ओटीपीच येत नाही, तो आल्याशिवाय पुढचं तपासता येत नाही.
ती हुं म्हणते.
आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी;
अडकणं तिला समजावून सांगावं लागत नाही.

फेलवर टिचकी मारली की टूल लगेच सोडत नाही.
एक चौकट उघडते, लाल चांदणीची, रिकामी ठेवता येत नाही.
काय काय केलंत. काय व्हायला हवं होतं. काय झालं.
मी लिहिते: एकतीस तारीख निवडली,
मग महिना फेब्रुवारी केला, सेव्ह दाबलं.
अपेक्षित: चूक दाखवावी.
प्रत्यक्षात: पेशंटला तीन मार्चची वेळ मिळाली
आणि डॉक्टरला त्याचा पत्ताच नाही.

पुण्याहून निनाद लिहितो, माझ्याकडे असं होत नाही. बंद.
मी पुन्हा उघडते, व्हिडिओ जोडते.
तो बंद करतो.
मी उघडते.
सगळं राहतं तिथं, मिनिटासकट, कोण काय बोललं ते.
इतकं स्वच्छ भांडण मी आमच्या नळावर कधी पाहिलं नाही.

तीन वाजता अम्मा टोपली घेऊन ब्रँचला जाते. ऊन बेचाळीस.
शाळेत असताना मीही जायचे, रांगेत तिचा पदर धरून.
चेकर एक जुडी उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा,
चार विड्या बाजूला, सहा बाजूला,
मग अख्खी मूठच.
छाट.
तोंड नीट मिटलं नाही, का पोट बारीक, का पानच जुनं,
तो सांगायचा नाही, ती विचारायची नाही.
छाटीला मजुरी नाही. छाट परतही मिळायची नाही.

गेल्या महिन्यात मी टूलमध्ये एक जास्तीचं प्रोजेक्ट काढलं.
नाव: अम्मा.
विड्या हजार. फेल त्रेसष्ट.
चौकट उघडली.
अम्मा म्हणाली, सोड की ते.
मी म्हटलं, कारणाशिवाय हे पुढं जातच नाही.
दुसऱ्या दिवशी ती आली, चप्पल काढायच्या आधी म्हणाली,
विचारलं मी.
काय म्हणाला?
म्हणाला, छाट म्हणजे छाट.
हेच लिही.

अपेक्षित: कारण सांगावं.
प्रत्यक्षात: छाट म्हणजे छाट.
सेव्ह झालं. मला वाटलं होतं, होणार नाही.

मग शेवटचा रकाना: कुणाकडे सोपवायचं?
यादी उघडली. मी, निनाद, टीमचे आणखी दोघं.
चेकर यादीत नाही. शेठ नाही.
मी कर्सर तसाच धरून बसले.
अम्मानं स्क्रीनकडे पाहिलं, तिला अक्षरं लागत नाहीत,
तरी म्हणाली, नी पेरु पेट्टु.
तुझं नाव घाल.

घातलं. चि, ट्या, ल.
अजून उघडंच आहे ते, सव्वीस दिवस झाले.

साडेसहाला निनादचा निरोप आला:
फेब्रुवारीचं दुरुस्त केलंय, परत तपास.
अम्मा उद्याची पानं भिजत घालत होती.
मी एकतीस तारीख निवडली.